लिहायला विषय कुठून आणायचा? मराठवाड्यातल्या नव्या लेखकांसाठी

"ताई, लिहायची लई इच्छा आहे, पण विषयच सुचत नाही." लातूरला माझ्याकडे येणारी मुलं-मुली पहिल्याच भेटीत हे वाक्य बोलतात. कुणी उदगीरहून आलेलं असतं, कुणी औशाहून, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता लिहू पाहणारं. पहिले तीन-चार लेख झालेले असतात: आई, माझं गाव, पहिला पाऊस, मोबाइलचे दुष्परिणाम. पाचव्याला गाडी अडते. मग पुण्या-मुंबईचे लोक काय लिहितात ते वाचून तसंच काहीतरी लिहायची धडपड सुरू होते, आणि तो लेख ना तिकडचा होतो ना इकडचा.

मी बरीच वर्षं दर आठवड्याला एक लेख लिहिते. विषय संपले असं अजून झालेलं नाही. यात प्रतिभेचा भाग थोडा आणि सवयीचा जास्त. त्या सवयी इथं क्रमानं सांगते. क्रम मोडू नका, कारण बहुतेक जण पहिली पायरी सोडून एकदम इंटरनेटवर विषय शोधायला बसतात आणि तिथंच घोळ होतो.

पहिली पायरी: विषयाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून बघा

कशावर लिहायचंय असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. दुष्काळावर. शेतकऱ्यांच्या समस्यांवर. मराठवाड्याच्या मागासलेपणावर. ही गाठोडी आहेत. गाठोडं उचलायला गेलं की पाठ मोडते आणि आत काय बांधलंय तेही दिसत नाही. गाठ सोडून एकेक चीज बाहेर काढावी लागते.

"दुष्काळ" या शब्दापुढं प्रश्नचिन्ह लावता येत नाही. "गल्लीत टँकर आला की पहिली घागर कुणाची लागते, आणि ते ठरवतं कोण?" याच्यापुढं लावता येतं. या प्रश्नाचं उत्तर घरात बसून मिळत नाही. उठावं लागतं, टँकरच्या वेळेला तिथं उभं राहावं लागतं, चार बायांशी बोलावं लागतं. तिथंच लेख तयार होतो.

हे मला उशिरा कळलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी (पाण्याच्या टाकीचे डबे), पाच लाख लिटर पाणी. देशभरातून पत्रकार आले, सगळ्यांनी त्या गाडीवर लिहिलं. मी तर लातूरचीच, मीही लिहिलं, आणि माझा लेख बाकीच्या पन्नास लेखांसारखाच झाला. खूप नंतर लक्षात आलं की माझा विषय स्टेशनवर नव्हताच, तो माझ्या मोरीत होता. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मोरीत चार बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी पहिल्या बादलीत, त्यानं भाजी धुवायची. ते दुसरीत, त्यानं भांड्यांची पहिली विसळणी. ते तिसरीत, फरशीला. उरलंसुरलं चौथीत, संडासासाठी. कुणाच्या हातून बादली चुकली तर त्या रागावत नसत, नुसती उचलून जागेवर ठेवत. एका तांब्याभर पाण्याचा आमच्या घरातला हा प्रवास बाहेरून आलेल्या एकाही पत्रकाराला लिहिता आला नसता. मला आला असता.

तर कोणताही विषय सुचला की त्याला विचारा: पुण्यातल्या माणसाला हे घरबसल्या लिहिता येईल का? येत असेल तर अजून आत शिरायला पाहिजे.

दुसरी पायरी: वही, आणि वहीचा एकच नियम

खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, फक्त एकाच जागी लिहा. रोज तीन नोंदी. नियम एकच: नोंदीत स्वतःचं मत लिहायचं नाही. ऐकलेलं वाक्य लिहा, पाहिलेली वस्तू लिहा, कळलेला आकडा लिहा. "महागाई फार वाढली" हे मत झालं. "मेथीची जुडी वीसला, काल दहाला होती, बाई म्हणाली रातच्या पावसानं सगळी झोपली" ही नोंद.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

एसटी स्टँड. म्हातारी कंडक्टरला: "माझं अर्धं तिकीट, मग गाठोड्याचं पुरं का बरं?"

रसवंतीचं चिपाड संध्याकाळी कोण नेतं?

शेजारच्या आजी: "परगावाला जाताना दशमी, घरी भाकर." फरक विचारायचा.

सोयाबीनच्या पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी.

जात्याला टाकी लावणारी बाई. तीन वर्षांत पहिल्यांदा दिसली.

या पाच ओळींत निदान चार लेख आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यावर योजना चांगली की वाईट असं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण अर्ध्या तिकिटामुळं माहेरी जाणं वाढलं का, तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला बाई आता एकटी येते का, बाजाराला गाठोडं घेऊन येणाऱ्या बाईचं गणित किती बदललं, हे विचारायला त्या म्हातारीशेजारी बसूनच जावं लागेल. तिच्या एका वाक्यानं एवढा रस्ता उघडला.

आठवडाभरात एकवीस नोंदी होतात. रविवारी चहा घेत सगळ्या वाचा. ज्यांच्यापुढं आपोआप प्रश्न उभा राहतो त्यांच्यावर खूण करा. एकवीसातून दोन निघाल्या तरी आठवडा भागला. बाकीच्या खोडू नका. टाकी लावणाऱ्या, म्हणजे जात्याचा दगड छिन्नीनं टोचून खरखरीत करणाऱ्या बाईची नोंद माझ्याकडं दीड वर्ष नुसती पडून होती.

तिसरी पायरी: आठवडी बाजार

विषय शोधायला बाजारासारखी जागा नाही. एकदा पिशवी न घेता जा, म्हणजे खरेदीची घाई नसते. कोण कुठं बसलंय ते बघा. पूर्वी बसायचं आणि आता दिसत नाही असं कोण आहे, ते विचारा. कुंभार आहे का? बुरूड आहे का? सुपं-टोपल्या कुठून येतात? उदगीरकडं असाल तर हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात अवश्य जा. देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच मातीतल्या गाई-बैलांच्या जाती. त्यांचा व्यवहार रुमालाखाली बोटं धरून कसा होतो ते उभं राहून बघा. मोबाइलवर भाव कळायला लागल्यावर रुमालाची गरज कुणाला उरली, हा प्रश्न एखाद्या जुन्या दलालालाच विचारायचा.

एका नोंदीतून किती विषय निघतात ते सविस्तर दाखवते, कारण नव्या लेखकाला सगळ्यात उपयोगाचं हेच आहे.

मागच्या उन्हाळ्यात रेणापूर नाक्याजवळ एका ट्रॉलीत कडबा विकायला आला होता. धोतर नेसलेले एक बाबा गिऱ्हाइकाला पेंढ्या मोजून देत होते. चार पेंढ्या उभ्या, पाचवी आडवी, चार उभ्या, पाचवी आडवी. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मी शेकड्याचा भाव विचारला. त्यांनी तो सांगितला आणि वर म्हणाले, "घ्या बाई, म्होरल्या साली बघायला मिळंल का न्हाई. ज्वारी पेरतंय कोण आता?"

मी एवढंच वहीत उतरवलं. घरी आल्यावर त्याखाली प्रश्न लिहीत गेले. ज्वारी का कमी झाली? सोयाबीनला रोख पैसा मिळतो हे सगळे सांगतात. पण रब्बी ज्वारी हातानं उपटावी लागते, तळहाताला फोड येतात, मग कणसं मोडायला बायका लागतात, आणि त्या मजुरीला आता माणूस मिळत नाही, हे कुणी लिहितं का? हा एक लेख. कडबा नाही म्हणून जनावर परवडत नाही, जनावर नाही म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून अंगण सारवणं गेलं. ही साखळी एका घरात जाऊन तपासली की दुसरा लेख. पाऊस आत शिरू नये अशी कडब्याची गंज रचणं हे कसब आहे. तुमच्या गावात ते येणारी किती माणसं उरली, हा तिसरा. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर "चुलीवरची भाकरी" अशा पाट्या लागल्यात, त्या चुलीपुढं कोण बसतं, दिवसाला किती भाकरी थापते आणि स्वतःच्या घरी काय खाते, हा चौथा. हुरडा पूर्वी शेतावर आलेल्या कुणालाही भाजून मिळायचा. आता त्याची माणशी किंमत असते. पहिल्यांदा पैसे घेताना त्या शेतकऱ्याला काय वाटलं? पाचवा.

सहावा मला परभणीनं दिला. तिथल्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'परभणी मोती' हा रब्बी ज्वारीचा वाण आपल्याकडं माहीत आहे, आणि जुनी मालदांडी तर घरोघरची. शेतकरी वाण निवडताना दाण्याकडं बघतो की कडब्याच्या गोडीकडं? घरात जनावर आहे का नाही यावर हे उत्तर बदलतं. हा प्रश्न मी तीन शेतकऱ्यांना विचारला आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली.

आणि सातवा ते मोजणं. उभ्या चार, आडवी एक. शाळेत न गेलेली माणसं हिशोब कसा ठेवत होती, यावर मला अजून लिहायचंय.

चौथी पायरी: म्हाताऱ्या माणसांना वस्तूबद्दल विचारा

"आजी, जुन्या आठवणी सांगा ना" असं म्हटलं की आजी म्हणतात, "काय सांगू बाई, लई हाल काढले." आणि गप्पा तिथंच संपतात. चूक आजीची नाही, प्रश्न गाठोड्याएवढा होता. त्याऐवजी वस्तू धरा. बाहत्तरच्या दुष्काळात भाकरी कशाची होती? एवढं विचारा आणि गप्प बसा.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मिलोची." परदेशातून आलेली लाल ज्वारी म्हणजे मिलो. मग आपणहून हात पुढं करून भाकरी थापायची खूण करत सांगू लागल्या. पीठ चिकटायचं नाही, भाकर कडेनं चिरायची, तव्यावर टाकताना तुकडा पडायचा. खडी फोडायच्या कामावर मुलांना सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची का तिथंच खायची यावरून जावांत भांडण व्हायचं. एका भाकरीच्या प्रश्नातून अर्धा तास निघाला. त्यातल्या कितीतरी गोष्टी मी कुठंच वाचलेल्या नव्हत्या. "मस्टरवर नाव" हा शब्दप्रयोग त्यांच्या तोंडी आला. मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट. राज्यात पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची मुळं ह्या मस्टरांपर्यंत जातात. म्हणजे आजीच्या पदरातल्या सुकडीपासून कायद्यापर्यंत रस्ता आहे, आणि लेख त्या रस्त्यानं चालू शकतो.

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांजवळ आणखी एक ठेवा आहे, तो उर्वरित महाराष्ट्राकडं नाही. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. देश स्वतंत्र झाल्यावर वर्षभरानं आपली सुटका झाली. त्यामुळं कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा उर्दूत शिकले, त्यांचे हिशोब उर्दूत किंवा मोडीत आहेत. हाली सिक्का हे संस्थानचं नाणं आणि कलदार हा इंग्रजांचा रुपया, दोन्हींचा भाव वेगळा. जुनी माणसं अजूनही "हाली का कलदार?" असं बोलून जातात. तुमच्या घरी ट्रंकेत असा एखादा कागद असेल तर तो वाचून घेण्यासाठी माणूस शोधण्याचा प्रवास हाच एक लेख आहे.

त्या काळाबद्दल विचारताना एक सांभाळा. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं सीमेपलीकडं पळालेली घरं आपल्याकडं आहेत, आणि जुनी माणसं जिला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात त्या १९४८ च्या भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर होरपळलेली घरंही आहेत. दोन्ही उंबऱ्यांवर जा. एकाच घरात ऐकून उठलात तर लेख अर्धा राहील.

पाचवी पायरी: हरवत चाललेला शब्द

हे काम घरबसल्या होतं, म्हणून पावसाळ्यात करा. आपल्या तोंडचे शब्द लिहून काढा: तिफण, चाडं, खळं, तिवडा, बुचाड, पेव, माळवद. प्रत्येक शब्दाखाली ती वस्तू शेवटची कधी पाहिली ते लिहा.

"पेव फुटलं" हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. "शिकवण्यांचं पेव फुटलंय" असं लातूरात तर फारच. पण पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेली खोल कोठी, हे माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक नव्हतं. बंद पेवातली हवा कोंदलेली असते, माणूस एकदम उतरला तर गुदमरून मरतो. म्हणून ते आधी उघडून ठेवायचं, मगच उतरायचं. तुमच्या गावठाणात पेवं कुठं होती हे विचारत फिरलात तर कुणीतरी हमखास म्हणेल, "आमच्या वाड्याखालीच होतं की, बुजवलं." मग का बुजवलं, कधी बुजवलं, त्यात शेवटचं धान्य कुठल्या साली होतं. विषय हाताला लागला.

सहावी पायरी: कागद

गोष्टीला आकड्याचा टेकू लागतो. नवे लेखक इथं कंटाळा करतात, पण कागदातही विषय दडलेले असतात. २०११ च्या जनगणनेची जिल्हानिहाय पुस्तिका मिळते, तिच्यात गावोगावची घरं, लोकसंख्या, शाळा-दवाखान्यांच्या सोयी लिहिलेल्या असतात. तुमच्या गावाची ओळ काढा आणि आजच्याशी ताडून बघा. सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्याचे जुने उतारे काढले तर एकाच शेतात वीस-पंचवीस वर्षांत काय काय पेरलं गेलं हे डोळ्यापुढं येतं. ग्रामसभेला जा. गावात राहून एकदाही ग्रामसभेला न गेलेले लेखक मला भेटतात, त्याचं मला वाईट वाटतं. तिथं कुणी काय विचारलं आणि कोण गप्प बसलं, हे तुमच्याशिवाय लिहिणार कोण?

ग्रामपंचायतीकडून वा नगरपालिकेकडून एखादी माहिती हवी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "गावच्या पाण्याची संपूर्ण माहिती द्या" असं मोघम लिहू नका. "अमुक महिन्यात किती टँकर आले, तारीखवार यादी द्या" असं लिहा. इथंही पहिल्या पायरीचाच नियम लागतो.

घरातले कागद तर विसरूच नका. लग्नातली आहेराची वही काढा. आमच्या घरी जुनी एक वही आहे. पाच रुपये, सव्वा पाच रुपये, एक तांब्या, एक लुगडं, आणि एका नावापुढं फक्त "पायली गहू". त्या एका ओळीवर मी अख्खा लेख लिहिला.

सातवी पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर

वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि प्रत्येक तारखेच्या दीड महिना आधी काम सुरू करा. सणाच्या दिवशी लिहायला बसलं की शुभेच्छापत्र तयार होतं.

येळवस घ्या. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शहरं ओस पडतात, सगळे शेतावर. कडब्याची कोप (खोपट), आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुन्यानं रंगवलेले दगड, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. दर वर्षी यावर लेख येतात आणि सगळे सारखे असतात. मग तुम्ही प्रश्न बदला. ज्यांना शेत नाही ती माणसं त्या दिवशी कुठं जातात? भज्जीला लागणाऱ्या भाज्या-शेंगा गोळा करायला घरातली बाई किती दिवस आधी लागते? सीमेपलीकडं कर्नाटकात हीच अमावस्या 'एळ्ळ अमावास्ये' म्हणून पाळतात. तिकडच्या आणि इकडच्या पानात काय काय सारखं आहे? बिदरकडं सोयरीक असलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत, त्यांना विचारा.

तुळजापूरच्या नवरात्रात गर्दीचं वर्णन नको. देवीचा पलंग अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातून येतो, तो वाटेनं कसा येतो, कोण वाहून आणतं ते बघा. पैठणच्या नाथषष्ठीला दिंड्यांबरोबर चालणाऱ्या बायकांच्या पिशवीत काय असतं ते विचारा. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस असतो, १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. त्या आंदोलनात तरुण असलेली माणसं आता साठीच्या पुढं आहेत.

आणि ३० सप्टेंबर. १९९३ साली त्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भाग हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरती मातीचं जड माळवद, ते अंगावर आलं. दर वर्षी या दिवशी मृतांचा आकडा छापून येतो. मला वाटतं आता दुसरं काही विचारायची वेळ आली आहे. नव्या गावात रस्ते सरळ झाले, घरं लांब लांब झाली, तेव्हा जुन्या गल्लीतला शेजार कुठं गेला? भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांना घरात कोण काय सांगतं? तिथं जाल तेव्हा वही आधी काढू नका. बसा, पाणी प्या, ती माणसं आपणहून बोलली तर ऐका.

इंटरनेटबद्दल थोडंच सांगते. गुगलवर आपल्या जिल्ह्याचं किंवा पिकाचं नाव टाकून थांबलं की खाली लोक काय काय शोधतात ते दिसतं. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात तोच तोच प्रश्न वारंवार येत असेल तर तो लिहून घ्या. लोकांना काय हवंय हे त्यावरून कळतं. पण यंत्राला "मला दहा विषय दे" म्हणाल तर तेच दहा विषय शेजारच्या मुलालाही मिळतील.

आठवी पायरी: दुःखावर लिहिण्याआधी

आपल्याकडं दुःख पुष्कळ आहे आणि लिहिणाऱ्याला ते पटकन दिसतं. शेतकऱ्याची आत्महत्या, ऊसतोडीला गेलेलं गाव. बीडकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचं नाव पडलेलं आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता सुटत नाही. हे लिहायलाच पाहिजे. पण कसं, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईवर मी लिहिलं होतं. तिनं विश्वासानं घरातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. छापताना एका अंकानं मला न विचारता शीर्षक बदललं, ते फार भडक होतं, आणि गावाचं नाव मी काढलेलं असतानाही फोटोखाली आलं. तिला गावात तोंड दाखवणं मुश्कील झालं. मी जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही चांगलंच लिवलं असंल, मला वाचता येत न्हाई." तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. नाव बदलायचं, गाव सांगायचं नाही, फोटो द्यायचा नाही. आणि लेख पाठवण्याआधी ज्याच्यावर लिहिलंय त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं "हे नको" म्हटलं की ती ओळ काढायची, मग ती कितीही चांगली असो.

नववी पायरी: चाळणी

आता तुमच्याकडं विषय जास्त झाले असतील. निवडताना मी बघते की या विषयासाठी मला एक माणूस भेटता येईल का, एक जागा बघता येईल का, एक आकडा किंवा कागद मिळेल का. तिन्ही असतील तर लगेच लिहायला घेते. दोन असतील तर तिसऱ्याच्या शोधात राहते. एकच असेल तर नोंद वहीत परत. एवढं केलं तरी पुष्कळ चुका टळतात.

कधी कधी काहीच सुचत नाही, वही कोरडी वाटते. तेव्हा नवीन काही शोधू नका. रोजच्या रस्त्यानं वेगळ्या वेळी जा. पहाटे पाचला दूधवाले, पेपरवाली मुलं आणि शिकवणीला निघालेली सायकलींची रांग बघितली की लातूर वेगळंच दिसतं. किंवा वर्षापूर्वीचा आपलाच लेख काढा आणि त्यातल्या माणसाकडं परत जा. मी कडब्याच्या बाबांकडं गेले होते. त्यांनी यंदा दोन एकर ज्वारी पेरली होती, नातवाच्या हट्टानं. का, ते मी वहीत लिहून ठेवलंय.

लेख छापून आल्यावर वाचक काय म्हणतात ते नीट ऐका. कौतुकापेक्षा दुरुस्ती मोलाची. पेवावरचा लेख आल्यावर परंड्याहून एका गृहस्थांची चिठ्ठी आली: तुम्ही उतरायची पद्धत लिहिलीत, पण आमच्याकडं आधी कंदील सोडत, तो विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नसे. मी ती चिठ्ठी वहीत डकवली, खाली तारीख टाकली, आणि पुढच्या पानावर लिहिलं: कंदील कोण धरायचं?